अंश सात

पाकिटावर युगांडाचा शिक्का, आत वाळकी पानं.
नाकातो म्हणाली, "मामा, मुलुलूझा."
परत म्हण, म्हटलं.
जीभ दोनदा घसरली माझी, तिसऱ्यांदा बसली.
एक पान दाताखाली धरलं
तर थेट किराईत,
आईच्या हातचं, पहाटेचं, नाक दाबून प्यायलेलं.

बावीस वर्षं या प्रयोगशाळेत काचा धुतोय.
चाळणी माझी, खलबत्ता माझा,
मिथेनॉलच्या कपाटाची किल्ली माझ्या करदोट्याला.
सागरमाळाचं वारं सुटलं की खिडकी मीच लावतो,
नाहीतर समुद्र ओलांडून आलेली पूड
राजारामपुरीत जाऊन कुणाच्या तरी चहात पडायची.

वडील हिवताप खात्यात होते.
गगनबावड्याच्या धनगरवाड्यांवर चालत जायचे,
करंगळीशेजारचं बोट टोचून
काचपट्टीवर थेंब घ्यायचे,
दाराच्या फळीवर खडूनं तारीख टाकायचे.
गोळी समोर गिळायला लावायचे.
झाडपाल्याचं नाव काढलं की चिडायचे.
आणि स्वतःला हीव भरलं त्या रात्री
तीन गोधड्यांखालून आईला म्हणाले,
"ते तुझं कडू हाय का शिल्लक?
कुणाला सांगू नको."

नाकातो काचेच्या उभ्या नळीत पांढरी भुकटी भरते,
वरून पानांचा अर्क सोडते.
रंग उतरत जातात, हिरवा, मग पिवळा,
मग जो दिसतच नाही तो.
थेंब थेंब. कुपी बदलायची. नंबर मी लिहायचा.
एक ते एकोणीस.
परजीवी आमच्याकडे पाळत नाहीत,
कुप्या थर्माकोलच्या डब्यातून पुण्याला जातात.

मग वाट बघायची.
तेवढ्यात तिचे प्रश्न:
रंकाळ्यात मासे कुठले?
गूळ झाला हे गुऱ्हाळात कोण ठरवतं?
गुळव्या, मी सांगतो. काहिलीच्या आवाजावरून.
हे ती वहीत लिहून घेते,
जिथं उत्कलनांक लिहितात तिथंच.

पुण्याहून आलं: अंश सात.
तिनं हातमोजे काढले, पुन्हा घातले.

मग सातचेही तुकडे. तीन महिने.
शेवटी कुपीच्या तळाला
बोटाला चिकटलेल्या मिठाएवढे स्फटिक.
यंत्रानं कागदावर एकच उंच शिखर काढलं.
शुद्ध, म्हणाली. एकटा.
आणि पुण्याहून आलं:
एकटा कमी मारतो.
सबंध पान जास्त.

ती स्टुलावर बसून राहिली.
मला शास्त्र कळत नाही. बोललो आपलं,
आमच्या घरच्या चटणीतली मिरची तेवढी वेगळी काढ,
तिखट राहील गं, चटणी राहणार नाही.
हसली. म्हणाली, "पण मामा,
चटणीची गोळी करता येत नाही.
तान्ह्याला किती, पोटुशीला किती,
पान सांगत नाही.
माझी आत्या चिमटीनं मोजायची.
प्रत्येक चिमटी वेगळी."

बरोबर आहे.
आईचीही वेगळी असायची,
तिच्या त्या दिवसाच्या काळजीएवढी.

नाकातो म्हणजे जुळ्यांतली धाकटी.
हे तिनं आल्या आल्याच सांगितलं होतं.
थोरली बाबिर्ये, हेही.
त्यापुढं मी विचारलं नाही,
आणि तिनं सूक्ष्मदर्शकाची भिंग पुसायला घेतली,
स्वच्छ होती तरी.

आज संध्याकाळी उशिरा म्हणाली,
अंश नऊ काढा.
नऊ? त्यानं तर एक मारला नव्हता.
"माहीत आहे. सातच्या शेजारी बसवून बघू."
मी कुपी शोधली. मागच्या रांगेत, धूळ धरलेली.
दोन्ही एकत्र झाली, पांढरट, काही न बोलणारी.
चिठ्ठ्या संपल्या होत्या.
म्हणून फ्रिजच्या दारावर खडूनं लिहिलं,
सात अधिक नऊ,
आणि खाली तारीख,
तिरक्या आकड्यांत, वडील टाकायचे तशी.